आवरलेलं घर

घरी कुणी येणार म्हटलं की माझ्या अंगात येतं. एरवी सोफ्यावर बसल्या जागी रिमोट हाताला लागला नाही तर टीव्हीच न लावणारा मी, पाहुण्यांच्या नुसत्या चाहुलीने व्हॅक्यूम घेऊन असल्या कोपऱ्यांत शिरतो की ते घर बांधणाऱ्यानेसुद्धा पाहिले नसतील. हे रक्तातच आहे. साताऱ्याला आमचे वडील गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसासाठी दिवाणावरची चादर बदलायचे. बरं, तो माणूस स्वयंपाकघरात जाऊन परत जायचा. दिवाणाकडे बघायचासुद्धा नाही. पण समजा बघितलं असतं तर?

तर अशा घराण्यातला मी, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या घरी एक दिवस सरकारी योजनेतर्फे एक बाई येणार होत्या. आमच्या लेकीला भेटायला.

लेक नऊ वर्षांची. जन्मापासून स्नायूंचा आजार. आजाराचं नाव इतकं लांब की नवे डॉक्टर ते वाचताना मध्येच श्वास घेतात. डोकं मात्र आम्हा दोघांची बेरीज केली तरी पुरून उरेल असं. फक्त शरीर तिचं ऐकत नाही. चालता येत नाही, गिळता येत नाही, त्यामुळे जेवण पोटातल्या नळीतून. बोलणं डोळ्यांनी. चाकांच्या खुर्चीला एक स्क्रीन लावलेला आहे, ती ज्या चित्राकडे रोखून बघते तो शब्द स्क्रीन बोलतो. आम्ही त्याला बोलपाटी म्हणतो. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे तिला खोकता येत नाही. खोकणं ही केवढी चैन आहे हे मला ती जन्मेपर्यंत ठाऊक नव्हतं. घशात लाळ साठली, कफ साठला, की कुणीतरी ताबडतोब मशीनच्या नळीने तो ओढून काढावा लागतो. ते कुणीतरी जागं असावं लागतं, शिकलेलं असावं लागतं आणि हाताच्या अंतरावर असावं लागतं.

म्हणून नर्स. आठवड्याचे पाच दिवस ती लेकीबरोबर शाळेत जायची, बायको लॅबमधून परत येईपर्यंत घरी थांबायची. आणि काही रात्री दुसरी एक नर्स, म्हणजे आम्ही झोपावं म्हणून. हे तास योजनेतून मंजूर होतात आणि दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावे लागतात. बायको औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते, ती लॅब काही घरी आणता येत नाही. मी आयटीवाला, अर्धा आठवडा घरून काम करतो, पण मीटिंगमध्ये बोलताना पाठीमागे तिच्या घशातली घरघर मला ऐकू येईलच याची खात्री मीही देणार नाही. थोडक्यात, तास गेले तर बायकोची नोकरी जाणार. आणि रात्री आम्ही पाळीपाळीने जागणार. ज्याची पाळी आहे त्याचा डोळा लागला तर, हे वाक्य आम्ही दोघांनी कधी पुरं केलेलं नाही.

आतापर्यंत सगळं कागदांवर व्हायचं. या वर्षी कुणीतरी घरी येऊन बघणार होतं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. तिला बातमी सांगितली तर ती लगेच म्हणाली, "किती वाजता? पोहे भिजवायचे का उपमा करू?"

"आई, त्या तपासणीला येणारेत."

"तपासणीला आलेल्या माणसाला भूक लागत नाही का?"

मग आम्ही मायलेकांनी घर असं काही लावलं की मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमालाही कुणी लावत नसेल. नळ्यांचे, सुयांचे, पिशव्यांचे खोके गॅरेजमध्ये गेले. ऑक्सिजनचा सिलिंडर कोटांच्या कपाटात, माझ्या एकुलत्या एक सुटाशेजारी. कफ ओढायचं मशीन हॉलमधून हलवता येत नव्हतं, तेव्हा आईने मिक्सरसाठी भारतातून आणलेलं फुलाफुलांचं कव्हर त्याच्यावर चढवलं. चपखल बसलं. कुणाला वाटावं, हे लोक हॉलमध्ये चटणी वाटतात.

बायको लेकीच्या फ्रॉकला इस्त्री करत होती. ती थांबून बघत राहिली.

"हे सगळं लपवतोयस कशाला?"

"लपवत नाहीये. आवरतोय."

"अरे, पण त्यांना हेच बघायचं असणार ना?"

"पहिल्यांदा घरी येतंय माणूस. हॉस्पिटलसारखं दिसलं तर काय वाटेल त्यांना?"

"पोरगी नीटनेटकी दिसली की समोरच्याचा जीव लागतो," आई आतून ओरडली. दोन विरुद्ध एक. बायकोने पुन्हा इस्त्री उचलली.

बाई आल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. "नाही नाही, मला काही नको" म्हणत त्यांनी पोहे घेतले आणि मग आईकडे बघत आणखी थोडे घेतले. आई त्यांच्याशी संपूर्ण मराठीत बोलत होती आणि त्या संपूर्ण इंग्रजीत उत्तरं देत होत्या. दोघींचं एकदाही अडलं नाही.

आणि आमची लेक! तीही माझीच. प्रेक्षक दिसला की फुलते. डोळे फिरवून तिने बाईंना हॅलो केलं, स्वतःचं नाव सांगितलं, तुमचे शूज मला आवडले म्हणाली. मग तिने तिचं सगळ्यांत लाडकं बटण बघितलं. ते बटण आम्हीच तयार केलेलं, त्यात तिच्या आईचा आवाज भरलेला: "बाबा, गंमत सांग!" ते ऐकलं की मी जिथे असेन तिथे गंमत सांगायची, असा आमच्या घरचा कायदा आहे. मी सांगितली. माझीच फजिती होती, पहिल्या अमेरिकन हिवाळ्यात मी गाडीच्या काचेवरचा बर्फ क्रेडिट कार्डाने खरवडला आणि कार्डाचे दोन तुकडे झाले ती. बाई डोळे पुसत हसल्या. लेकीचा हसण्याचा आवाज येत नाही, तिच्या भुवया वर जातात. तशा त्या वर गेल्या.

मधेच तिच्या घशात घरघर सुरू झाली. मी चपळाईने उठलो, "एक मिनिट हं, तिला तिच्या खोलीतला मासा दाखवून आणतो," असं म्हणून खुर्ची ढकलत आत नेली, दार लावलं, आतल्या छोट्या मशीनने कफ ओढला, तोंड पुसलं, केस सारखे केले आणि हसत बाहेर आलो. जी एक गोष्ट बघायला ती बाई इतक्या लांबून गाडी चालवत आली होती, ती मी दार लावून केली.

"कफ किती वेळा काढावा लागतो?" त्यांनी विचारलं.

"तसं काही नक्की नाही," मी म्हणालो. "एखाद्या दिवशी तर फारसा नाहीच." असा दिवस गेल्या वर्षात एकदा आला होता, हे सांगायचं राहिलं.

"आणि रात्री कशा जातात?"

"करतो मॅनेज."

हे माझ्या तोंडून आपोआप गेलं. आमच्यात कुणी कसं काय विचारलं की बरं चाललंय, हेच उत्तर असतं. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला आलेल्या शेजाऱ्याने "कसं काय?" विचारलं. आजोबा चालत्या अर्ध्या तोंडाने म्हणाले, "झकास."

जाताना आईने बाईंच्या हातात झिपलॉकमध्ये बेसनाचे लाडू दिले. दारात वळून त्या म्हणाल्या, किती छान कुटुंब आहे तुमचं, ही मुलगी भाग्यवान आहे. दार लागल्यावर मी बायकोला टाळी मागितली. आईने मीठमोहरी घेऊन लेकीची दृष्ट काढली. "पास झाली गं माझी बाय ती," म्हणाली.

पत्र आलं ते बायकोने उघडलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. मुलीची प्रकृती स्थिर आहे. कफ काढण्याची गरज क्वचित पडते. कुटुंब सक्षम आहे आणि काळजी उत्तम घेत आहे. सबब रात्रीची नर्स बंद, दिवसाची फक्त शाळेपुरती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "पास झालास."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पत्र घडी करून लेकीच्या नळीत दूध घालायला गेली.

फ्रिजवर एक पत्रक बरेच महिने चुंबकाखाली पडून होतं. अशा मुलांच्या आईवडिलांनी इतर आईवडिलांना मदत करायची, माहिती द्यायची, अशी एक व्यवस्था. लेकीचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी ते दिलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "आपल्याला काय सामुदायिक रडायचंय?" आता तो नंबर लावला. पलीकडे एक वयस्कर बाई, आवाज घोगरा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लांबवलेले स्वर. तिचा मुलगा आता तिशीचा, तोही खुर्चीत. मी हकिगत सांगायला सुरुवात केली, माझ्या पद्धतीने, म्हणजे मिक्सरच्या कव्हरपासून. तिने मधेच तोडलं.

"घर आवरलं होतंस ना?"

"हो."

"खायला केलं होतंस?"

"आईने."

"मी पहिल्या वेळी पीच फळाचा पाय, केकसारखा, भाजला होता," ती म्हणाली. "त्या माणसाने दोन तुकडे खाल्ले आणि आमचे निम्मे तास कापले."

मग तिने सगळं समजावून सांगितलं, तेही मला झेपेल अशा वेगाने. अपील करता येतं. मुदत आहे, ती चुकवू नकोस. निकाल लागेपर्यंत जुने तास चालू ठेवा असं त्याच वेळी लेखी माग, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. डॉक्टरांचं पत्र घे, पण त्यात 'छान प्रगती' असले शब्द नकोत. आणि सुनावणीत रोजचा दिवस सांगू नकोस. सगळ्यांत वाईट दिवस सांग.

"आणि बाळा, विनोद नको."

"मी विनोद करतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोन लागल्यापासून दुसरं काय करतोयस?"

तिने मला तिथेच, फोनवर, सराव करायला लावलं. सांग, म्हणाली, तिला काय काय येत नाही. मी तोंड उघडलं. गोष्टी सांगण्यात माझा हात धरणारा कॅरीत कुणी नाही, गणपतीला मंडळाच्या स्टेजवरून मला ओढून उतरवावं लागतं. पण हे वाक्य सुरू होईना. लेक शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं. फोनवरून ती बाई म्हणाली, "मी आहे इथेच. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय. तुझं तुझं चालू दे."

मी अपील केलं, जुने तास चालू ठेवायचंही लेखी मागितलं. तेवढं एक मी वेळेवर केलं.

सुनावणी फोनवरून होती. आदल्या दिवशी आईला सांगितलं की उद्या असं असं बोलायचंय. तिचा चेहरा उतरला.

"घरात नको बोलूस असलं. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"आई, मी इंजिनिअर आहे."

"मग इंजिनिअरसारखा बाहेर जाऊन बोल."

हसलो मी. आणि सकाळी गपचूप अंगणातल्या व्हॅनमध्ये जाऊन बसलो. त्यात भर म्हणजे त्याच सकाळी नर्सचा फोन, ताप आलाय, येत नाही. आईला मशीनची भीती वाटते. बायकोला सुनावणीत बोलायचं होतं. तेव्हा लेकही व्हॅनमध्ये. खुर्ची मागे पट्ट्यांनी अडकवलेली, शेजारी बायको, तिच्या मांडीवर मशीन, पुढे ड्रायव्हरच्या सीटवर मी, स्पीकरवर सुनावणी घेणारा अधिकारी. आमचा बचाव हे असं, न सुरू केलेल्या गाडीत बसून चालला होता. आई खिडकीतून बघत होती.

अधिकाऱ्याचा आवाज सभ्य होता. त्याने मला बोलायला सांगितलं.

मी गेल्या हिवाळ्यातला दिवस सांगितला. लेकीला सर्दी झाली होती, आम्ही तिला डॉक्टरकडे नेत होतो, याच गाडीतून. बायको चालवत होती, मी मागे. कफ घट्ट झाला आणि नळी बुजली. मी नळी बदलली, तीही बुजली. ओठ निळे पडायला लागले. हायवेवर गाडी बाजूला घेऊन बायको रडत 'झालं का, झालं का' विचारत होती. लेकीला हात हलवता येत नाही, ओरडता येत नाही. ती फक्त बघू शकते. ती माझ्याकडे बघत होती. तिचा बाप सगळ्यावर काहीतरी काढतो ना, तसं आता काहीतरी काढेल, अशा खात्रीने बघत होती. माझ्याकडे काही नव्हतं. पुढच्या नळीला कफ निघाला. का निघाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

हे सांगताना माझा आवाज बहुतेक फुटला असावा, कारण मागून बोलपाटी बोलली.

"बाबा, गंमत सांग!"

स्पीकरमधून अधिकाऱ्याने विचारलं, "हे कोण बोललं?"

"माझी मुलगी."

"काय म्हणाली ती?"

"मला विनोद सांगायला सांगतेय."

"पुढे बोला," तो म्हणाला.

"बाबा, गंमत सांग!"

आरशात ती दिसत होती. भुवया वर करून वाट बघत होती. कायदा होता घरचा, आणि तिने तो दोनदा सांगितला होता. मी आरसा वर फिरवला आणि पुढे बोललो. तिला गिळता येत नाही. तिला खोकता येत नाही. तिला मान सावरता येत नाही. तिला एकटं ठेवलं तर ती वाचणार नाही. डॉक्टरांनी हे सगळं आम्हाला सांगितलं होतं, पण दार लावून, हलक्या आवाजात. तिच्यासमोर, तिच्या बापाच्या तोंडून, ओळीने एकेक, ते पहिल्यांदाच आलं. बोलपाटी पुन्हा बोलली नाही. बायकोने नंतर सांगितलं की लेक खिडकीबाहेर बघत होती.

आम्ही जिंकलो. दिवसाचे तास पूर्ण परत आले, रात्रीचेही बरेचसे. मी त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईला फोन केला, ती ओरडली, मीही ओरडलो. आईने शिरा केला. मग नर्सेस पुरवणाऱ्या एजन्सीला फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, अभिनंदन, तास आहेत, पण नर्स नाही. आमच्या दिवसाच्या नर्सला तास कापल्याचं कळलं होतं, तिने दुसरं घर धरलं होतं. तिलाही घर चालवायचं होतंच की. रात्रीवालीही गेली. अपील चालू असताना तास जातील की राहतील हे ठाऊक नसताना कोण थांबतं? तेव्हा आता आमच्याकडे तास मंजूर आहेत आणि माणूस नाही. बायको रजेवर आहे. ही रजा महिनाअखेर संपते. त्यानंतर नोकरी ठेवणार नाही असं तिच्या साहेबांनी अगदी आपुलकीने कळवलंय. आम्ही पाळीपाळीने जागतो. लेकीने ते बटण सुनावणीनंतर वापरलेलं नाही. मी आपणहून गंमत सांगितली तर ती ऐकून घेते.

परवा एजन्सीचा फोन आला. एक नर्स तयार होऊ शकते. शनिवारी येऊन मुलीला भेटेल, घर बघेल आणि मग ही केस घ्यायची का नाही ते ठरवेल. याच्या आधी दोघीजणी फाइल वाचूनच नको म्हणाल्या होत्या.

मी पुन्हा त्या घोगऱ्या आवाजाच्या बाईला फोन लावला.

"आता काय करू? हिला वाईट दिवस सांगितला तर ती पळून जाईल. चांगला सांगितला आणि नंतर फसवलं म्हणून सोडून गेली तर?"

ती हसायला लागली. हसता हसता थांबली.

"बाळा," ती म्हणाली, "हे मला कधीच जमलं नाही."

शनिवार उजाडला. आईने न विचारता कांदा चिरून ठेवला होता. गॅरेजमधले खोके अर्धे आत, अर्धे बाहेर. बायको हॉलमध्ये मशीनजवळ उभी होती, हातात ते फुलाफुलांचं कव्हर.

"घालू का नको?"

"घाल," मी म्हणालो. "नको, थांब. नको घालूस." तिने कव्हर माझ्या हातात दिलं आणि ती केस बांधायला आत गेली. मशीन उघडं, कव्हर माझ्याकडे. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी लेकीकडे वळलो. तिचा इस्त्रीचा फ्रॉक, सारखे केलेले केस, आणि घशात बारीक घरघर, अजून ओढण्याइतकी नाही, पण येणार होती. कफ आताच ओढावा, का नर्स आल्यावर तिच्यासमोर?

"काय करू गं?" मी विचारलं.

ती बोलपाटीवर बराच वेळ डोळे फिरवत राहिली. मला वाटलं, ते बटण शोधतेय. मग एका चित्रावर डोळे थांबले आणि बोलपाटी तिच्या त्या ठरलेल्या, आनंदी अमेरिकन आवाजात म्हणाली, "आय डोन्ट नो."

बेल वाजली. कव्हर तसंच हातात घेऊन मी दार उघडायला गेलो.